१२६ तासांवर अडकले आहे, पुढचं गणित कसं मांडू?

कृष्णाकाठची | ११ जून

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, आज गळ्याशी आलं म्हणून पहिला धागा.

मी मिरजेची. महाराष्ट्रातल्याच एका फ्लाइंग स्कूलमध्ये सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन, करते आहे. कुठलं ते विचारू नका, अजून तिथेच उडायचं आहे. प्रवेश घेताना 'चौदा महिन्यांत लायसन हातात' असं सांगितलं होतं. आता सव्विसावा महिना चालू आहे आणि लॉगबुकात आहेत १२६ तास ४० मिनिटं. डीजीसीएचे (नागरी उड्डाणाचं सरकारी नियामक खातं) पाचही पेपर निघाले, आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलायचा परवाना, निघालं, व्यावसायिक पायलटला लागणारं क्लास वन मेडिकल चालू आहे. घोडं अडलंय ते फक्त उडण्यावर. सहा विमानांपैकी उडती दोन. एकाचं इंजिन ओव्हरहॉलला गेलंय, एक तर हँगरच्या कोपऱ्यात इतके दिवस उभं आहे की त्याच्या पंखाखाली मांजरीने पिल्लं घातली. मागच्या महिन्यात मला ३ तास १० मिनिटं मिळाली. आता पाऊस लागला.

बाबांनी मळ्याचा तुकडा तारण ठेवलाय. आई रोज रात्री फोनवर विचारते, "किती झाले गं?" आणि मी विषय बदलते.

तीन प्रश्न आहेत. इथेच थांबू का? लायसनला २०० लागतात, त्यातले उरलेले ७४ तास परदेशात जाऊन उडवून येऊ का? आणि मल्टी-इंजिन (दोन इंजिनांचं विमान) आणि इन्स्ट्रुमेंट (नुसत्या उपकरणांवर उडणं) ही जास्तीची रेटिंग इथे करावीत की बाहेर?

~~~

घाटपांड्या | ११ जून

पायलट म्हणजे शेवटी उंचावरचा रिक्षावालाच. एवढ्या पैशात सांगलीत दोन हॉटेलं निघाली असती.

~~~

नाशिकचा_बाप | ११ जून

घाटपांड्या, हॉटेलं तुम्ही काढा, आम्ही मिसळ खायला येतो.

ताई, माझा मुलगा बारावीला आहे आणि त्यालाही हेच खूळ लागलंय, त्यामुळे धागा मुळापासून वाचणार. आम्ही तीन ठिकाणी चौकशी केली, ४५ लाखांपासून ६० लाखांपर्यंत आकडे ऐकून आलो. एका ठिकाणी तर काउंटरवरच्या मुलीने ईएमआयचं कोष्टक आधी दाखवलं आणि विमान नंतर. मला एक कळत नाही, तास नेमके कधीपासून कधीपर्यंत मोजतात? इंजिन चालू झालं की मीटर चालू?

~~~

कंपास_रोझ | १२ जून

नाशिकचा_बाप, विमान उड्डाणासाठी स्वतःच्या शक्तीवर पहिल्यांदा हललं तिथून ते परत येऊन थांबलं तिथपर्यंत. आम्ही त्याला चॉक्स-ऑफ ते चॉक्स-ऑन म्हणतो. हवेत चाळीस मिनिटं आणि जमिनीवर चालण्यात (टॅक्सीत) वीस असतील तर लॉगबुकात एक तास लागतो. पैसे कुठल्या घड्याळावर लावतात ते मात्र प्रवेशाआधी लेखी घ्या.

आता कृष्णाकाठची. मी नागपूरकडचा, सध्या एअरबसवर आहे. सल्ल्याआधी एक विचारतो. १२६ हा आकडा तू सांगितलास, पण त्याला काही अर्थ नाही. त्यातले पीआयसी, म्हणजे पायलट-इन-कमांड, विमानाची जबाबदारी तुझ्यावर असलेले, किती? क्रॉस-कंट्री, म्हणजे आपलं मैदान सोडून लांब जाण्याचे, पीआयसी किती? इन्स्ट्रुमेंट किती, नाइट किती? हे चार आकडे दे, मग बोलू.

~~~

कृष्णाकाठची | १२ जून

सर, आत्ता लॉगबुक घेऊन बसले. पीआयसी ३८. क्रॉस-कंट्री पीआयसी ९. इन्स्ट्रुमेंट ४, सगळे विमानातले, सिम्युलेटर अजून शिवलेला नाही. नाइट शून्य.

~~~

कंपास_रोझ | १२ जून

तुझी खरी अडचण पाऊस नाही. १२६ पैकी ३८ वजा केले की ८८ उरतात, म्हणजे तू ८८ तास ड्युअल उडली आहेस. शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेले ८८ तास. सीपीएलला एकूण किमान २०० लागतात आणि त्यातले १०० पीआयसी लागतात. तुला अजून ६२ पीआयसी हवेत. ७४ मधून ६२ गेले की हातात बारा तास राहिले. त्या बारा तासांत नाइटचं ड्युअल, उरलेलं इन्स्ट्रुमेंट आणि चेकची तयारी, सगळं कोंबायचं आहे. मावणार नाही. तेव्हा मनात २०० नाही, २१० धर आणि पैशाची जुळणी त्या हिशोबाने कर.

आता कुठे काय वाचवता येतं ते बघ. तास ही एक रास नसते, एकात एक बसणारे डबे असतात. एकच उड्डाण तीन डब्यांत मोजता येतं, फक्त ते आधी ठरवून उडायला हवं.

सीपीएलला क्रॉस-कंट्री पीआयसी २० तास पुरतात, म्हणून पोरं २० करून थांबतात आणि बाकीची पीआयसी आपल्याच मैदानाभोवती सर्किट, म्हणजे उडून-उतरून फेऱ्या, मारत जाळतात. नंतर इन्स्ट्रुमेंट रेटिंगला गेल्यावर कळतं की त्याला क्रॉस-कंट्री पीआयसी ५० लागतात. मग लायसन झाल्यावर पदरचे पैसे घालून पुन्हा ३० तास उडा! मी स्वतः हेच केलंय. २०१३ साली, वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून.

तुझे ९ आहेत. पुढच्या ६२ पीआयसी तासांतले ४१ क्रॉस-कंट्री म्हणूनच उड. साडेतीन-साडेतीन तासांच्या बारा सॉर्ट्या (उड्डाणं) झाल्या की ५० पार. त्यातच ३०० सागरी मैलांची एक लांब क्रॉस-कंट्री येते, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर फुल-स्टॉप (पूर्ण थांबून) लँडिंगसह. बारामतीहून संभाजीनगर, तिथून जळगाव, जळगावहून परत बारामती धरलंस तर साधारण ३५० मैल भरतात. तुझ्या मैदानावरून असा त्रिकोण नकाशावर आजच आखून ठेव.

इन्स्ट्रुमेंटचे सीपीएलसाठी १० लागतात, त्यातले जास्तीत जास्त ५ मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. पाऊस पडतोय ना? सिम्युलेटरला पाऊस लागत नाही. जुलैत ते ५ उरकून टाक. विमानातला फक्त एक तास उरेल. सिमचे तास २०० मध्ये धरायचे नाहीत, पण ड्युअलची बचत होते आणि ती तुला सोन्यासारखी आहे.

~~~

दुहेरी_उकार | १३ जून

ही डब्यांची गोष्ट माझ्या शाळेत कुणी सांगितली असती तर! +१

~~~

निवृत्त_सीएफआय | १३ जून

कंपास_रोझ यांचा हिशोब बरोबर आहे. मी त्यात तारखा घालतो, कारण विद्यार्थी तासांत क्वचित नापास होतात, तारखांत होतात.

मी सत्तावीस वर्षे इन्स्ट्रक्टर होतो. १०० पीआयसीपैकी १५ तास लायसनच्या अर्जाच्या तारखेआधीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात. नाइटचे किमान ५ तास लागतात आणि त्यात स्वतः केलेले १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग लागतात, तेही त्याच सहा महिन्यांतले. परीक्षेची उड्डाणे, म्हणजे दिवसाची आणि रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट, दिवसाची २५० मैलांची आणि रात्रीची १२० मैलांची क्रॉस-कंट्री टेस्ट, हीसुद्धा सहा महिन्यांच्या आतली हवीत. कागद त्या मुदतीच्या बाहेर एक दिवस गेला की ते उड्डाण पुन्हा करावे लागते, आपल्या खर्चाने.

माझा एक विद्यार्थी हौसेने ११० तासांवरच नाइट उरकून बसला. कारण काय, तर त्या आठवड्यात धावपट्टीचे दिवे चालू होते. अर्ज करायला त्याला पुढे अकरा महिने लागले. सगळे पुन्हा.

तेव्हा मुली, १६० ओलांडल्याशिवाय रात्रीच्या मागे लागू नकोस. शेवटच्या चाळीस तासांत नाइट आणि सगळ्या टेस्ट एकाच गाठोड्यात बांध. आणि मेडिकल बघ. तुझ्या वयाला क्लास वन वर्षभरच चालते. ते मधेच संपले तर सगळेच थांबते.

~~~

हँगर_नं_२ | १३ जून

मी एएमई, म्हणजे विमानांची देखभाल करणारा इंजिनिअर, विदर्भातला. विद्यार्थ्यांना एक सांगून ऱ्हायलो, जे कोणी सांगत नाही. डिस्पॅचच्या (कोण कधी उडणार ते ठरवणाऱ्या टेबलाच्या) बोर्डावर आपलं नाव बघण्याआधी विमानाचे तास बघत जा. पन्नास तासांची तपासणी, शंभर तासांची तपासणी, हे ठरलेलं असतं. विमानाला तपासणीआधी पाचच तास उरले असले तर तुम्हाला चार तासांची क्रॉस-कंट्री कोण देईल बाप्पा? ते पाच तास सर्किटवाल्या पोरांत वाटले जातात. म्हणून हँगरात येत जा, चहा प्या आमच्यासोबत, विचारा की भाऊ, अमुक विमान तपासणीतून कधी निघतं. बाहेर निघाल्या निघाल्या लांबची सॉर्टी मागायची. ताज्या तपासणीचं विमान आणि पुढे पन्नास तास मोकळे.

ते कोपऱ्यातलं विमान म्हणता, त्याची आशा सोडा. मांजरीचंच ते.

~~~

नाशिकचा_बाप | १३ जून

हँगर_नं_२, हे वाक्य माहितीपत्रकात छापायला हवं. इंधनाचा तुटवडा असतो असंही ऐकलं, खरं का?

~~~

हँगर_नं_२ | १३ जून

सेसना १५२, १७२ ला अ‍ॅव्हगॅस लागतं, शंभर ऑक्टेनवालं, निळं दिसते. आधी सगळं बाहेरून यायचं, टँकर अडकला की अख्खी शाळा बसून. २०२२ पासून इंडियन ऑइल ते बडोद्याच्या रिफायनरीत बनवते, तेव्हापासून बरं आहे. डायमंडच्या डिझेल इंजिनवाल्या विमानांना मोठ्या विमानांचं जेट फ्युएल चालतं, ते कुठंबी भेटते. शाळा निवडताना ताफ्यात काय आहे ते बघाच. पण ताफा किती यापेक्षा उडणारे किती, आणि एका विमानामागं पोरं किती, हे मोजा. मोजायला सकाळी सहाला जा. दुपारी बाराला जाऊन काय दिसणार?

~~~

डॅलसवाली_मावशी | १४ जून

परदेशाच्या प्रश्नाचं मी बोलते. आमच्या घरी दोन भाचे येऊन इथून शिकून गेले, त्यांचे सगळे कागद माझ्या जेवणाच्या टेबलावर तयार झाले.

अमेरिकेत हवा चांगली, विमानं भरपूर, टेक्ससमध्ये महिन्याला तीस-चाळीस तास सहज होतात. पण 'उरलेले तास उडवून येते' असं म्हणून इथे येऊ नकोस. एक तर एम-वन हा विद्यार्थी व्हिसा, त्यावर नोकरी नाही. मग टीएसए या अमेरिकी वाहतूक-सुरक्षा खात्याची मंजुरी. आणि मुख्य म्हणजे नुसते सुटे तास घेऊन परत गेलीस तर भारतात ते सिद्ध करत बसावं लागतं. सरळ मार्ग म्हणजे इथलं लायसनच पूर्ण करायचं आणि तिकडे ते बदलून घ्यायचं. इथल्या पार्ट ६१ या नियमाखाली कमर्शियलला २५० तास लागतात. तुझे तिथले १२६ धरले तरी १२४ उरतात. ७४ वाचवायला येऊन १२४ उडशील!

अजून एक. इथे दोघं मिळून विमान भाड्याने घेतात. एक जण डोक्यावर हूड घालून नुसत्या उपकरणांवर उडतो आणि दुसरा सेफ्टी पायलट म्हणून बाहेर बघतो. एफएएच्या (अमेरिकेतलं नियामक खातं) नियमात ठराविक अटींवर दोघंही तो वेळ पीआयसी म्हणून लिहू शकतात. भाच्याने तसे तास जमवले आणि भारतात गेल्यावर त्याची पंचाईत झाली. ते तास धरून हिशोब मांडू नकोस.

आणि परत गेल्यावर रेग्युलेशन्सचा पेपर, नेव्हिगेशन-मेट्रॉलॉजीचा एकत्र पेपर, आरटीआर, हे आहेच. तुझे सगळे पेपर निघालेत हे तुझं मोठं भांडवल आहे. मला वाटतं तू तिथेच राहा.

~~~

उडती_तबकडी | १४ जून

माझं मत वेगळं आहे. मी पहिल्या दिवसापासून बाहेर शिकलो आणि अकरा महिन्यांत परत आलो. सव्वीस महिन्यांत १२६ म्हणजे महिन्याला पाच तासही नाहीत. अशा गतीने हात बसत नाही. प्रत्येक सॉर्टीची पहिली वीस मिनिटं मागचं आठवण्यात जातात आणि त्याचे पैसे तुम्ही भरता. ८८ ड्युअल का झाले असतील? दर वेळी खंड पडला की इन्स्ट्रक्टर पुन्हा ड्युअल चेक घेतो, मगच सोलो सोडतो. तिची चूक नाही, पण खर्च तिचाच.

~~~

कृष्णाकाठची | १४ जून

उडती_तबकडी, हे अगदी खरं आहे. माझ्या लॉगबुकात 'ड्युअल चेक' हा शेरा एकोणीस वेळा आहे. आज मोजला.

एक गोष्ट लिहू की नको म्हणत होते. आमच्या बॅचमध्ये एकाला कुणीतरी बाहेरचा माणूस भेटला. म्हणतो की विमान उडतंच आहे, तुझं नाव लावून तीस तास 'बसवून' देतो, पैसे निम्मे. तो मुलगा विचारात पडलाय. मी नाही म्हटलं, पण रात्री झोपताना ते तीस तास डोक्यात घोळतात हेही खरं.

~~~

निवृत्त_सीएफआय | १४ जून

याला आमच्या वेळेपासून 'पार्कर पेन फ्लाइंग' म्हणतात. विमान हँगरात, पेन हवेत.

त्या मुलाला सांग, एक तास खोटा लिहायला पाच जागी खोटे लिहावे लागते. विमानाचा टेक लॉग, इंधनाची नोंद, मीटरचे आकडे, टॉवरची नोंद आणि आता ईजीसीएवरचे (डीजीसीएचे ऑनलाइन पोर्टल) इलेक्ट्रॉनिक लॉगबुक. क्रॉस-कंट्री असेल तर एफआयसी आणि एडीसी हे उड्डाणाच्या परवानगीचे नंबर. सहाव्या जागी कुठेतरी विसंगती राहतेच. २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर एअरलाइन पायलटचे लायसन मिळवणारे पकडले गेले तेव्हा अटकाही झाल्या आणि देशभरच्या लायसनांची आणि फ्लाइंग स्कूलांची झाडाझडती झाली. त्या वेळी चार अधिकारी माझ्यासमोर बसून एकेक पान ताडून बघत होते. प्रामाणिक पोरांचेही अर्ज त्यात महिनोन्‌महिने लटकले.

~~~

घाटपांड्या | १४ जून

हे वाचून रिक्षाचा शब्द मागे घेतो. रिक्षाचं मीटर निदान खरं असतं असं म्हणणार होतो, पण पुण्यात राहतो.

~~~

कंपास_रोझ | १५ जून

आधी ते तीस तास डोक्यातून काढ. पकडलं जाण्याचं सोड. एअरलाइनच्या निवडीत सिम्युलेटरमध्ये बसवतात, ऑटोपायलट बंद, वाट दाखवणारा फ्लाइट डायरेक्टर बंद. पहिल्या पाच मिनिटांत समोरच्याला कळतं या पोराने किती उडवलंय. लॉगबुक कुणी उघडतही नाही त्या वेळी.

आता रेटिंगचा प्रश्न राहिला होता. एअरलाइनच्या जाहिरातीत सीपीएलसोबत मल्टी-इंजिन आणि चालू इन्स्ट्रुमेंट रेटिंग मागतात, म्हणजे नुसत्या २०० तासांच्या लायसनला तसा काही उपयोग नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंगला ४० तास इन्स्ट्रुमेंट टाइम लागतो, त्यातले २० पर्यंत सिमवर चालतात. तुझ्या बाबतीत मांडू. सीपीएलपर्यंत विमानातले ५ आणि सिमवरचे ५ होतील. सिमवर अजून १५ केलेस की सिमचे २० भरले. उरले विमानातले १५. मल्टी-इंजिनचं ट्रेनिंगही बहुतेक ठिकाणी १५ तासांच्या आसपासच असतं. म्हणून मल्टी आणि आयआर (इन्स्ट्रुमेंट रेटिंग) एकाच विमानावर, एकाच वेळी कर, हूड घालून. कागदावर सुबक जुळतं. प्रत्यक्षात मल्टीचे पहिले चार-पाच तास विमान समजण्यात जातात, तेव्हा हूड घालता येत नाही. तेवढे जास्तीचे धर.

शाळा कुठली निवडायची? जिथे मल्टी विमान आज उडतंय ती. तुझ्या शाळेचं मल्टी महिनोन्‌महिने बंद असेल तर दुसरीकडे जा, त्यात काही कमीपणा नाही. आयआर बारा महिन्यांनी नव्याने करावं लागतं, त्यामुळे तेही एअरलाइनची भरती दिसायला लागल्यावरच.

आणि मल्टी ही मजेची गोष्ट आहे गं! आतापर्यंत इंजिन बंद पडलं की काय करायचं हे सोपं होतं, नाक खाली आणि शेत शोध. इथे एक बंद पडलं की दुसरं चालू असतं आणि तेच तुला उलटं करायला बघतं. वेग एका मर्यादेखाली गेला की रडर पुरत नाही. 'जो पाय रिकामा ते इंजिन मेलं' हे पाठ होईपर्यंत म्हण, पण लिव्हर ओढण्याआधी थ्रॉटल मागे घेऊन खात्री कर. चुकीचं इंजिन फेदर केल्याने, म्हणजे चालू इंजिनच बंद करून त्याचा पंखा वाऱ्याला आडवा केल्याने, माणसं गेली आहेत.

~~~

दुहेरी_उकार | १५ जून

बंद पडलं तर जास्त धोक्याचं, म्हणजे क्रिटिकल इंजिन, डावंच ना नेहमी?

~~~

कंपास_रोझ | १५ जून

दोन्ही पंखे कॉकपिटातून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरत असतील तर डावं. सेनेकासारख्या विमानात दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, तिथे तसं क्रिटिकल इंजिन नसतंच. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

~~~

नाशिकचा_बाप | १६ जून

मुलाला चष्मा आहे. शेजारचे म्हणतात चष्मेवाल्यांना घेत नाहीत.

~~~

निवृत्त_सीएफआय | १६ जून

शेजाऱ्यांना हवाई दल आणि नागरी विमान वाहतूक यातला फरक माहीत नसावा. चष्मा लावून नजर निकषात बसली तर चालते. रंग ओळखता येत नसतील तर मात्र अडते. एक रुपयाही भरण्याआधी मेडिकल, आणि जमल्यास थेट क्लास वन करून घ्या. क्लास टूवर प्रवेश घेऊन, तीस-चाळीस तास उडून, मग क्लास वनला अडलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या आईवडिलांशी बोलण्याचे काम माझ्याकडे असे.

आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे ना, तेही बघा. आरटीआर पूर्वी दूरसंचार खात्याकडे होते, नव्या कायद्याने २०२५ पासून डीजीसीएकडे आले, त्यामुळे जुनी पुस्तके आणि जुने सल्ले जपून वापरा. माझेही.

~~~

हँगर_नं_२ | १६ जून

उन्हाळ्याचं पण लिहा सर. गेल्या मे मध्ये एक पोरगं दुपारी दोनला १५२ मागायला आलं होतं.

~~~

निवृत्त_सीएफआय | १६ जून

हो. विदर्भात समजा मैदान समुद्रसपाटीपासून १००० फुटांवर आहे. तिथे प्रमाण तापमान १३ अंश धरतात. बाहेर ४३ आहे. तीस अंश जास्त, प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट, म्हणजे ३६०० फूट. विमानाला वाटते आपण ४६०० फुटांवरच्या धावपट्टीवर आहोत. ११० अश्वशक्तीचे १५२, दोन माणसे, टाकी भरलेली. धावपट्टी संपत येते तरी चाके जमिनीला चिकटलेली. म्हणून मे महिन्यात सकाळी साडेसहाची सॉर्टी मागावी. अकरानंतर हवाही उसळते, क्रॉस-कंट्रीत निम्मे लक्ष उंची सांभाळण्यात जाते. थंडीत उलटे, पहाटे धुरकट असते आणि दृश्यमानता पाच किलोमीटरखाली असली की सोलोवाली पोरे दहापर्यंत चहा पीत बसतात. वर्षाचे असे वेळापत्रक आपले आपण करावे, शाळा करून देत नाही.

~~~

कृष्णाकाठची | १७ जून

सगळ्यांचं सगळं एका वहीत उतरवलं. चार रकाने पाडलेत. बाबांना फोन करून २०० नाही, २१० चा आकडा सांगितला. दोन सेकंद शांतता, मग म्हणाले, "आधी कळलं हे बरं झालं."

जाते इथून. काही घडलं तर लिहीन.

~~~

कृष्णाकाठची | २३ नोव्हेंबर

धागा वर काढते, रागावू नका.

१६१ तास २० मिनिटं. पीआयसी ६८, क्रॉस-कंट्री पीआयसी ३२. सिमचे ५ जुलैत झाले. ऑगस्टमध्ये अकरा दिवस सलग ढग खाली होते तेव्हा सीएफआय (मुख्य इन्स्ट्रक्टर) सरांना वहीचं पान दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं वाचलं आणि म्हणाले, हे कुणी करून दिलं? त्यानंतर सर्किटला माझं नाव लागलं नाही, लांबच्या सॉर्टीला लागलं.

हँगर_नं_२ दादा, तुमचा चहाचा सल्ला सगळ्यात जास्त कामी आला. ऑक्टोबरमध्ये १७२ शंभर तासांच्या तपासणीतून सकाळी निघालं आणि पावणेदहाला मी त्यात होते. तीच ती लांब क्रॉस-कंट्री. आदल्या रात्री फ्लाइट प्लॅन, सकाळी एडीसी नंबर येता येईना, चाळीस मिनिटं एप्रनवर उभी. पहिल्या मुक्कामी टॉवरने माझ्या पुढे एअरबस आहे म्हणून होल्ड करायला लावलं आणि त्या मोठ्या विमानाची चाकं टेकताना मी वरून, एकटी, बघितली. कंपास_रोझ सर, तुम्ही नव्हतात ना त्यात?

परतीच्या पायावर गोदावरी दिसली. पाणी भरलेलं होतं. नकाशावरून ती मला पाच मिनिटं आधी दिसायला हवी होती, म्हणजे समोरचा वारा धरला होता त्यापेक्षा जास्त होता. इंधन पुन्हा मोजलं. पुरलं. ३ तास ५५ मिनिटं. त्या रात्री आईला मीच फोन केला आणि आकडा सांगितला.

बॅचमधल्या त्या मुलाने पेनाचे तास घेतले नाहीत. शाळा बदलली.

आता प्रश्न. परवापासून नाइट सुरू झालं, इन्स्ट्रक्टरसोबत सहा लँडिंग झाली आणि सहाही वेळा मी जमिनीपासून फार वर असतानाच नाक उचलून विमान सावरलं. धप्पकन बसतंय. दिवसा असं होत नाही.

~~~

निवृत्त_सीएफआय | २३ नोव्हेंबर

सगळ्यांचे होते. तू लँडिंग लाइटच्या उजेडाच्या तुकड्याकडे बघते आहेस. तो तुकडा जवळ येताना जमीनच वर आल्यासारखी वाटते आणि हात आपोआप ओढतो. नजर धावपट्टीच्या लांबच्या टोकाला ठेव. कडेचे दिवे डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसू देत. ते दोन्ही बाजूंनी उंचावत तुझ्या खांद्यांपर्यंत आल्यासारखे वाटले की मग सावर. थोडी पॉवर ठेवूनच उतर, पूर्ण बंद करू नकोस.

आणि कॉकपिटातले दिवे मंद कर. पोरे ते तसेच ठेवतात.

~~~

हँगर_नं_२ | २३ नोव्हेंबर

आणि खिशात टॉर्च. दोन.

~~~

कृष्णाकाठची | २४ नोव्हेंबर

दिवे मंद केले. नऊपैकी सात बरी बसली, आठव्याला इन्स्ट्रक्टर काही बोलले नाहीत, नवव्याला बोलले. उद्या सातची सॉर्टी आहे, सेल विकत आणायचेत.